सॉफ्टइथर व्हीपीएन: कुडाळचा काजू कारखाना आणि मालवणचं दुकान एका नेटवर्कवर

सॉफ्टइथर व्हीपीएन, म्हणजे लांबच्या दोन जागा इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कवर आणायचं सॉफ्टवेअर, दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय. मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल काहीच सापडलं नव्हतं, आणि इंग्रजीत जे सापडलं ते सगळं मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेलं, जिथे नेटवर्क बघायलाच एक माणूस पगारावर असतो. आमच्याकडे ते काम माझ्याकडे आहे आणि सकाळी अकरापर्यंत मी ग्रेडिंगच्या टेबलावर असते, त्यामुळे ज्यांच्याकडे असंच आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमचं असं आहे की कुडाळच्या बाजूला गावात काजूचा छोटा कारखाना, तिथे बाबा आणि मी, आणि मालवणच्या बाजारात दुकान, ते दादा आणि वहिनी बघतात. मधलं अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर आणि दुकानात बिलाचा वेगळा कॉम्प्युटर. रोज रात्री दुकान बंद झालं की दादा फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि मी सकाळी ती चढवायची. म्हणजे दुकानाला कारखान्यातला स्टॉक दिसायचा तो कालचा आणि कारखान्याला दुकानातली विक्री दिसायची तीही कालचीच. एरवी चालून जायचं पण गणपतीत चाकरमानी परत निघायच्या आठवड्यात हे जमत नाही. मागच्या एका चतुर्थीला दादाने मुंबईच्या एका माणसाला २४० नंबरचा (म्हणजे मोठ्या काजूगराचा) चाळीस किलो माल कबूल केला आणि त्याच दिवशी दुपारी बाबांनी तोच माल पणजीच्या व्यापाऱ्याला दिला, दोघांचंही बरोबर होतं, दोघांपुढे कागदावर माल शिल्लक होता. त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते मला अजून आठवतं, आणि भांडण माणसांमुळे नव्हतं, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून होतं.

तर दोन्ही जागा एका नेटवर्कवर आणायच्या होत्या. पहिली अडचण इंटरनेटची. बाहेरून आत यायचं तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे आत यायची वाट, उघडावं लागतं, ते मी उघडलं तरी बाहेरून काही लागेना. दोन दिवस गेल्यावर लक्षात आलं की आमच्या राउटरला जो आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतोय तो १०० ने सुरू होतोय, म्हणजे इंटरनेटवाल्याने बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच खरा पत्ता दिलाय. चाळीला एकच पोस्टाचा पत्ता आणि आत खोल्यांना नंबर नाहीत असं समजा, आतून पत्र बाहेर जातं पण बाहेरून आलेलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं ते पोस्टमनला कळत नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, मागितला तर वरचा प्लॅन घ्या म्हणाले, दोन्हीकडे मिळून दर महिन्याला जे पैसे होत होते ते आम्हाला परवडणारे नव्हते.

असंच शोधत शोधत सॉफ्टइथरपर्यंत पोचले. नाव म्हणजे सॉफ्टवेअर आणि इथरनेट हे दोन शब्द जोडलेत, आणि काम खरंच तेवढंच आहे. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला आपण नेटवर्कचा जो स्विच लावतो आणि त्याला केबल ओढतो ते दोन्ही यात सॉफ्टवेअरने बनतं. सर्व्हरवर एक व्हर्च्युअल हब तयार होतो तो स्विच, आणि दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरवर एक व्हर्च्युअल लॅन कार्ड दिसायला लागतं. मधली केबल म्हणजे इंटरनेटवरून जाणारं एनक्रिप्टेड कनेक्शन, आणि ते ४४३ नंबरच्या पोर्टवरून जातं, ज्यावरून सगळ्या सुरक्षित वेबसाइट चालतात, म्हणून मधले फायरवॉल, म्हणजे नको ती कनेक्शनं थांबवणारे पहारेकरी, सहसा अडवत नाहीत. विंडोजला वाटतं मालवणचा कॉम्प्युटर कुडाळच्याच खोलीत बसलाय. शेअर केलेले फोल्डर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, सगळं तसंच दिसतं.

हे बनलं जपानमध्ये, त्सुकुबा विद्यापीठात. दाइयू नोबोरी नावाचा विद्यार्थी तिथे शिकत असताना त्याने हे लिहिलं आणि पहिलं व्हर्जन डिसेंबर २००३ मध्ये बाहेर आलं. पुढे त्याची कंपनी झाली, पैसे घेऊन विकायचं व्हर्जनही आलं, पण २०१४ च्या जानेवारीत सॉफ्टइथर व्हीपीएनचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला, आधी जीपीएल लायसन्सखाली आणि २०१९ पासून अपाचे लायसन्सखाली. व्यवहारात याचा अर्थ काय तर धंद्यासाठी वापरलं तरी पैसे नाहीत, ट्रायल संपत नाही आणि दर महिन्याला कोणी बिल पाठवत नाही.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना पटायला वेळ लागेल असं वाटलं होतं, जपानच्या विद्यापीठाने आपल्याला फुकट का द्यावं. पण त्यांनी एवढंच विचारलं की विद्यापीठाचं आहे ना, मग लाव. आमच्या परड्यात जी काजूची झाडं आहेत ती वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ची कलमं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या जाती. कोणीतरी वर्षानुवर्षं बसून ते काम केलं आणि त्यावर आज आमच्यासारख्या कितीतरी घरांचं चाललंय, ही गोष्ट त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. मलाही तेव्हापासून हे सॉफ्टवेअर उघडलं की तेच वाटतं, फार जपून वापरावंसं वाटतं.

आता लावलं कसं ते. कारखान्यातल्या डेस्कटॉपवर सर्व्हर टाकला, विंडोज १० वर, नेक्स्ट नेक्स्ट करत पाच मिनिटात झाला. डाउनलोडच्या पानावर मात्र थोडं थांबून बघा कारण तिथे आधी कुठला भाग पाहिजे ते निवडायचं, सर्व्हर की क्लायंट की ब्रिज, मग कुठली सिस्टीम, मग कुठला प्रोसेसर, घाईत चुकीचं उतरतं. सर्व्हर टाकल्यावर सर्व्हर मॅनेजर उघडतो, तो पहिल्यांदा ॲडमिनचा पासवर्ड ठेवायला सांगतो, तो मोठाच ठेवा. मग तो विचारतो की बाहेरून माणसं जोडायची आहेत की दोन जागा जोडायच्या आहेत, टिक करायची. लगेच सॉफ्टइथर डॉट नेटच्या खाली आपल्याला हवं ते नाव देतो, म्हणजे आयपी कितीही वेळा बदलला तरी दुसरी बाजू त्या नावाने शोधते. हेही फुकट आहे.

आणि ते पत्त्याचं भांडण, चाळीचं, ते याने कसं सोडवलं ते मला सगळ्यात आवडलेलं. पोर्ट उघडलेलं नसेल तर दोन्ही टोकं आपापल्या बाजूने बाहेर निघतात, मधला सॉफ्टइथरचा सर्व्हर फक्त ओळख करून देतो आणि मग दोघं थेट बोलायला लागतात. आमच्याकडे हे पहिल्या झटक्यात चाललं. ज्यांचा इंटरनेटवाला हेही होऊ देत नाही त्यांच्यासाठी व्हीपीएन अझूर म्हणून त्यांचीच एक सोय आहे, त्यात सगळा डेटा त्यांच्या जपानमधल्या सर्व्हरवरून वळसा घालून येतो. मी ती आठवडाभर लावून बघितली, चालते पण कुडाळहून मालवणला जायला जपानवरून जायचं म्हटल्यावर वेळ लागणारच, थेट जमत असेल तर थेटच ठेवा.

पहिल्या दिवशी दुकानातल्या लॅपटॉपवर नुसता क्लायंट टाकला होता. नाव, युजर, पासवर्ड, कनेक्ट. कनेक्ट झाल्यावर मी कारखान्यातलं फोल्डर उघडून दाखवलं. बाबा त्या दिवशी बरोबर आले होते, त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, ३२० नंबरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "गो बाय, हयसर बसान माका कारखान्यातलो स्टॉक दिसता? मगे आता फोन कित्याक करूचो?"

क्लायंट एका कॉम्प्युटरपुरता झाला. पूर्ण दुकान जोडायचं तर दुकानात ब्रिज नावाचा भाग टाकावा लागतो आणि तो कारखान्याच्या हबला कॅस्केड कनेक्शनने (एका हबला दुसरा हब जोडायची सोय) जोडायचा. इथे मी दोन ठिकाणी अडकले, ती नीट लिहिते कारण यातच लोक सोडून देतात असं मला वाटतं.

एक, वायफायवर ब्रिज करायला जाऊ नका. मी जुना लॅपटॉप वायफायवर ठेवून तासभर घालवला, कनेक्शन दिसतंय पण पलीकडचं काही उघडत नाही. बहुतेक वायफाय कार्डं दुसऱ्याच्या नावाने पॅकेट पाठवू देत नाहीत, ब्रिजला तेच करायचं असतं. लॅपटॉपला राउटरमधून केबल ओढली आणि लागलीच झालं.

दोन, आणि हे महत्त्वाचं आहे. रविवारी रात्री दुकान बंद करून मी कॅस्केड जोडलं, स्क्रीनवर ऑनलाइन आलं, मी खूश. दहा मिनिटांनी दुकानातलं इंटरनेट विचित्र चालायला लागलं, एक पान उघडतं, एक नाही. राउटर बघावा म्हणून ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं तर लॉगिनचं पान आलं आणि त्यावर वायफायचं नाव होतं आमच्या कारखान्याचं. मी बसलेय मालवणात, हात लांब केला तर दुकानाचा राउटर लागेल, आणि समोर पान आलंय कुडाळच्या राउटरचं. मग कळलं की दोन्हीकडचे राउटर कंपनीतून येतात तसेच ठेवलेले, दोघांचा पत्ता एकच, आणि आता ते एका स्विचला लावल्यासारखे झालेत. शिवाय दोघंही कॉम्प्युटरना आयपी वाटतायत, जो आधी उत्तर देईल त्याचा आयपी लागतोय. सॉफ्टवेअरची चूक काहीच नाही, मीच त्याला सांगितलं होतं की या दोन जागा एक कर, त्याने केल्या.

उपाय सोपा आहे पण आधीच करा. दुकानाच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, कारखान्याने १० ते ९९ पर्यंतचे आयपी वाटायचे आणि दुकानाने १०० ते १९९ असं ठरवून टाकलं. मग कॅस्केडच्या सिक्युरिटी पॉलिसीत डीएचसीपी पॅकेट अडवायचा पर्याय आहे तो चालू केला, म्हणजे आयपी वाटायची मागणी पलीकडे जातच नाही, ज्याचं इंटरनेट त्याच्याकडेच राहतं. दुसरा मार्ग म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळे सबनेट (पत्त्यांचे गट) ठेवायचे आणि त्यांना जोडायला सर्व्हरमधला व्हर्च्युअल लेयर थ्री स्विच वापरायचा, जागा जास्त असतील तर तेच बरं, आम्हाला दोनच होत्या म्हणून मी साधं केलं. आणि एक, सिक्युअरनॅट नावाचं बटण दिसेल, त्याने सर्व्हर स्वतःच आयपी वाटायला लागतो, ते लोकल ब्रिजच्या (हबला खऱ्या लॅन कार्डाशी जोडायची सोय) जोडीने चालू करू नका, त्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय, पॅकेट गोल गोल फिरत बसतात.

अकाउंटिंगचं काय झालं ते सांगायचं राहिलं, ज्यासाठी हे सगळं. कनेक्शन झालं म्हणून दादाने दुकानातून सरळ कारखान्यातला डेटा उघडला, तर कंपनी उघडेपर्यंत वहिनीचा चहा झाला. फाइलमध्ये थोडं थोडं वाचणारी सॉफ्टवेअरं दर वेळी जाऊन येऊन विचारत बसतात, एका खोलीत ते जाणवत नाही, तीस-चाळीस मिलिसेकंद लागायला लागले की हजारो वेळा विचारण्यात मिनिटं जातात. स्पीड वाढवून हे सुटत नाही. म्हणून कारखान्यात एक जुना पीसी वेगळा ठेवला, विंडोज प्रो असलेला, आणि दादा दुकानातून रिमोट डेस्कटॉपने त्याच्यावर काम करतो. सॉफ्टवेअर आणि डेटा दोन्ही कारखान्यातल्या केबलवर, मालवणला येतं फक्त चित्र. आता बिल केलं की त्याच क्षणी स्टॉक कमी होतो आणि ग्रेडिंग झालेला डबा मी चढवला की दादाला तो दिसतो. रिमोट डेस्कटॉप कधीही सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, असं व्हीपीएनच्या आतच ठेवा, हे मी कळकळीने सांगते.

पावसाळ्याबद्दल. आपल्याकडे कुठलीही वस्तू घेतली की ती पहिल्या पावसात कशी वागते ते बघावं लागतं. जूनमध्ये पहिल्या वादळाला कारखान्याकडची लाइट दुपारी गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, मध्ये इन्व्हर्टरही उतरला. मी मालवणात होते. सकाळी सर्व्हर मॅनेजर उघडून बसले, कॅस्केडच्या ओळीत नुसतं परत प्रयत्न चालू असल्याचं दिसत होतं. साडेनऊच्या सुमाराला मी काहीही न करता तिथे ऑनलाइन आलं. सर्व्हर सर्व्हिस म्हणून चालतो त्यामुळे कोणी लॉगिन करावं लागत नाही, कॉम्प्युटर सुरू झाला की तोही सुरू होतो, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय निवडून ठेवा आणि विंडोजची स्लीप बंद करा. हायवेच्या खोदकामात फायबर तुटला तेव्हा मी कारखान्यात मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, तेव्हाही काही बदलावं लागलं नाही, नाव तेच राहिलं, पलीकडून परत जोडलं गेलं.

लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून दुकानात आता रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर आहे, तळहाताएवढा, गल्ल्याच्या मागच्या खणात ठेवलाय. लिनक्सवर टाकताना मेक ही एक कमांड द्यावी लागते, बाकी सेटिंग कुडाळहून विंडोजच्या सर्व्हर मॅनेजरनेच केली. लिनक्सची एक मर्यादा आहे की ज्या मशीनवर ब्रिज चालतो त्या मशीनशी स्वतःशी त्याच कार्डावरून पलीकडून बोलता येत नाही. बाकी पूर्ण दुकान दिसतं, पण पायमधलं फोल्डर दिसत नाही. मॅन्युअलमध्ये कारण दिलंय, टॅप डिव्हाइस (सॉफ्टवेअरचं लॅन कार्ड) लावून किंवा दुसरं लॅन कार्ड जोडून सुटतं. मी यूएसबीचं लॅन कार्ड लावलं.

मोबाईलचं मात्र समाधान नाही. अँड्रॉइडसाठी त्यांचं स्वतःचं ॲप नाही. पूर्वी फोनमध्येच एलटूटीपी ही व्हीपीएनची एक पद्धत असायची, ती नव्या अँड्रॉइडमधून काढलीय. सर्व्हर ओपनव्हीपीएन ही दुसरी पद्धत पण समजतो, तेव्हा त्याचं ॲप चालतं, पण त्यासाठी बाहेरून पोर्ट उघडं लागतं, ती ओळख करून देण्याची सोय फक्त सॉफ्टइथरच्या स्वतःच्या क्लायंटला आहे. म्हणजे आमच्यासारख्या इंटरनेटवर फोन अडतो. बाबांना फोनवर स्टॉक बघायचाय, ते अजून मला जमलेलं नाही.

दिसायला हे जुनं आहे, खिडक्या, बटणं, बारीक अक्षरं. मॅन्युअल खूप मोठं आहे आणि इंग्रजी चांगलं वाचता येत नसेल तर अवघड जाईल, पण जेवढं आहे ते मनापासून लिहिलंय, आकृत्या काढून. व्हर्जनमध्ये चार नंबरचं स्टेबल आणि पाच नंबरचं डेव्हलपर असं दोन आहे, धंद्यासाठी चार नंबरचंच घ्या. आणि अपडेट करत राहा. २०२३ मध्ये सिस्कोच्या टालोस टीमने यात काही सुरक्षेच्या त्रुटी शोधल्या होत्या, त्या दुरुस्त झाल्या, पण दुरुस्ती आपण उतरवून टाकली तरच आपल्या मशीनवर येते. कॅलेंडरवर मी महिन्याच्या पहिल्या सोमवारी खूण करून ठेवलीय.

वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन का नाही असं विचारतील, तर ते हलकं आहे, वेगवानही आहे, ज्यांच्याकडे एका बाजूला तरी खरा आयपी आहे त्यांनी जरूर बघावं. आमच्याकडे दोन्ही बाजूंना नव्हता, आणि मला पूर्ण दुकान एकाच स्विचला लावल्यासारखं पाहिजे होतं, प्रिंटरसकट. त्याला हेच बसलं. पाचातले साडेचार देते, अर्धा मोबाईलसाठी कापला.

गेली चतुर्थी याच्यावरची पहिली होती. परतीच्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती, आणि एका गिऱ्हाइकाने २४० नंबरचा पंचवीस किलो मागितला. दादाने स्क्रीन बघितली, आत अठरा होता. त्याने त्यांना अठरा २४० चा आणि सात ३२० चा देतो असं तिथेच सांगितलं, त्यांनी घेतलं. कारखान्यात माझ्या समोर तो आकडा शून्य झाला, आणि मी बोर्म्यातून (काजूगर सुकवायच्या भट्टीतून) काढलेला माल आधी २४० साठी निवडायला घ्या म्हणून बायकांना सांगितलं. फोन कोणीच केला नाही.